ओट्याच्या उंचीचा वाफा

३ जून
आजपासून रोज लिहिणार. नोंद असली की काम होतं. भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर इन्स्पेक्शनला होतो, एवढं तरी कळतं.
निशाला हॉस्पिटलमधून घरी आणलं. अर्धांगवायूचा झटका. डावी बाजू गेली. गेली नाही, तात्पुरती बंद आहे. वाचा शाबूत, म्हणजे टोमणेही शाबूत. चाकांची खुर्ची भाड्याने घेतली. दुकानदार म्हणाला, विकतच घ्या. त्याला म्हटलं, एक महिना पुरे.

५ जून
निशा मागच्या दाराशी खुर्ची लावून अंगणाकडे बघत बसते. कोथिंबीर, पुदिना, अळू, सगळं तिनेच लावलेलं. आता गवत माजलंय. काय बघतेस विचारलं. म्हणाली, गवत.
आयडिया सुचली. उंच वाफा! जाड लाकडी स्लीपर एकावर एक रचून पेटी करायची, आत माती भरायची. बरी झाली की तिला वाकायला नको, उकिडवं बसायला नको, उभ्या उभ्या कोथिंबीर खुडेल. गणपतीपर्यंत वाफा तयार, गणपतीपर्यंत निशा उभी. दोन्ही कामं समांतर.

६ जून
उंची ठरली. स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. घर बांधताना गवंड्याने निशाला भिंतीशी उभं करून, हात कोपरात दुमडायला लावून ओट्याची रेघ मारली होती. मी स्टँडर्ड उंचीचा आग्रह धरला होता. दोघांनी ऐकलं नाही. असो. आज तेच माप टेपने घेतलं. स्लीपरचे तीन थर. चुकायला जागाच नाही.

१४ जून
तेजस्विनीचा बंगळूरहून फोन. म्हणे बाबा, आधी मागच्या दाराला रॅम्प करा, आईला अंगणात तरी जाता येईल. समजावलं की रॅम्प कायमच्या पेशंटसाठी असतो. आपल्याकडे केस वेगळी आहे. पलीकडे बराच वेळ शांतता. नेटवर्क खराब.

२१ जून
टिंबर मार्केट. कासिमभाईंची वखार. रेल्वेचे जुने स्लीपर मागितले. म्हणाले, त्यांना तेल पाजलेलं असतं, भाजीला चालत नाही, ऐनाचे नवे कापून देतो. मला ते माहीत होतंच, त्यांची परीक्षा घेत होतो. कुणासाठी विचारलं. म्हटलं बायकोसाठी, ती आजारी आहे, बरी होतेय. त्यांनी चहा मागवला. चांगला माणूस, पण फार हळू बोलतो.

२८ जून
टेम्पोवाला स्लीपर फाटकात टाकून गेला. एकही जागचा हलला नाही. मीही नाही.
कंबर धरली. निशा दारातून म्हणाली, आता दोन खुर्च्या आणा.

९ जुलै
कंबर सुटली. शेजारच्या ऋषीने आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी स्लीपर मागे नेऊन टाकले. डिझाइन माझं.
खुर्चीचा महिना संपला. आणखी एकच महिना वाढवला.

२२ जुलै
ऐनाचं लाकूड म्हणजे लोखंड. ड्रिलचे बिट मोडले. मी मोजायचं सोडलं.
अलफिया नावाची फिजिओथेरपिस्ट येते. आज मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, पाय प्रतिसाद देत नाहीये, आता आपण नीट बसता येण्यावर भर देऊ, उजवा हात मजबूत करू. पोरगी हुशार आहे, अनुभव कमी. बसायला काय शिकायचंय? उद्यापासून उभं राहण्याची प्रॅक्टिस मी स्वतः घेणार.

२३ जुलै
प्रॅक्टिस नाही. निशाने नकार दिला. मूड नव्हता.

१६ ऑगस्ट
तिसरा थर बसला! कोपऱ्याकोपऱ्याला लांब कोच स्क्रू, शिवाय मधे पट्ट्या. हा थर आता भूकंपातही हलणार नाही. ऋषी म्हणाला, काका, थोडा उंच नाही वाटत? त्याला ओट्याची सगळी हकिकत सांगितली. उरलेले स्क्रू गोळा करायला लागला. पटलं असावं.

२४ ऑगस्ट
उद्घाटन. मी आणि ऋषीने खुर्ची उचलून पायऱ्या उतरवली, वाफ्याशी नेऊन लावली.
वरची कड निशाच्या हनुवटीला आली.
तिने समोरच्या लाकडावर बोटाने टकटक केलं. मग म्हणाली, छान भिंत आहे. आतली माती दिसते का विचारलं. म्हणाली, वास येतोय.
ऋषी उगाच मोबाइल बघायला लागला. मी सांगितलं की वाफा उभ्या माणसाच्या मापाचा आहे, बसलेल्या माणसाला असाच दिसणार. म्हणजे माप बरोबर आहे.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. निशाही बसूनच. नवीन टार्गेट दसरा.

१२ सप्टेंबर
धणे पेरले त्याला बरेच दिवस झाले. काही उगवलं नाही. निशाने विचारलं, धणे रगडून दोन फाकी केल्या होत्या का? बियाणंच खराब होतं. दुसरं पेरलं. (रगडून.)

२५ सप्टेंबर
कोथिंबीर आली! निशाला वाफ्याशी नेलं, पण हनुवटीचा प्रश्न. मग मी पलीकडून मोबाइलवर कोथिंबिरीचा व्हिडिओ काढून तिला अलीकडे येऊन दाखवला. तिने तो दोनदा बघितला. म्हणाली, कुठल्या गावची आहे हो?
हसलो दोघं. नंतर ती बराच वेळ लाकडावर हात ठेवून बसली होती. मी आत जाऊन चहा टाकला.

२ ऑक्टोबर
दसरा. टार्गेट दिवाळीवर नेलं.
खुडायला आलेली कोथिंबीर मी खुडत नाही. पहिली जुडी तिनेच खुडायची, उभं राहून. तसं ठरलंय. घरात लागते म्हणून मंडईतून आणली.

१३ ऑक्टोबर
कोथिंबिरीला तुरे आले. पांढरी फुलं. आता ती खायच्या कामाची नाही. निशाला सांगितलं नाही. व्हिडिओ मागितला तर जुना दाखवला. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, हा मी पाहिलाय.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. सकाळी निशाला वाफ्याशी नेलं. ऋषी गावाला गेलाय म्हणून वॉचमनने हात दिला. तो गेल्यावर मी म्हटलं, आज करूच. तिच्या काखेत हात घालून उचलली. उजव्या हाताने तिने वरची कड धरली. एक क्षण ती उभी होती. खरंच होती. फुलं दिसली तिला.
मग पाय दुमडला. दोघं खाली, वाफ्याला टेकून. लागलं नाही कुणाला.
मी म्हटलं, बघ, जमलं होतं. ती म्हणाली, अहो, मी नाही उभी राहणार आता. मला जूनपासून माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते.
तसेच बसून होतो दोघं. लोक फटाके वाजवत होते. मी रडलो. तिने उजव्या हाताने माझ्या शर्टाची माती झटकली.

२ नोव्हेंबर
इतके दिवस काही लिहिलं नाही. नोंद करण्यासारखं काम झालं नाही.
खुर्चीच्या दुकानात गेलो. विकत घेतली. दुकानदाराने चाकांतली हवा तपासून दिली.

९ नोव्हेंबर
तिसरा थर काढला. स्क्रू निघता निघेनात, ज्याने कुणी बसवलेत त्याला चार शब्द ऐकवले. ऋषी आला, त्याने पहार लावली. वाळलेले तुरे बाजूला काढून वरची माती उपसली. निघालेले स्लीपर मागच्या दाराशी पायऱ्यांवर उतरते टाकले, खाली विटा, वर पट्ट्या. तेजस्विनीला फोटो पाठवला. तिचा फोन आला. नेटवर्क चांगलं होतं, तरी दोघांनाही बोलायला जमलं नाही.
मग निशाला खुर्चीतून त्या रॅम्पवरून खाली आणलं. कुणी उचललं नाही. खुर्ची वाफ्याच्या कडेला आडवी लावली आणि तिचा हात कोपरापर्यंत मातीत गेला. तुऱ्यांचे वाळलेले धणे तिनेच तळहाताने कडेच्या लाकडावर रगडले, पेरले, वर माती सारली. मला म्हणाली, पाणी हळू घाला, बी वाहून जातं.
पाणी घातलं. हळू.
चहाला आत आलो तर ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, आता हा ओटा. एवढा उंच नको, भाजी तरी चिरता येईल मला. म्हटलं, उद्या गवंडी बघतो, पण माप कुठून घेऊ?
म्हणाली, बसलेय की समोर.