मोमो राजाचं अंड्याएवढं पोट

उबा, १९ जानेवारी

ती. लेओकादियाताईस,

एके काळी एकशेसहासष्ट किलो भरणाऱ्या तुझ्या धाकट्या भावाचा, गुमेर्सिंदोचा, कमरेत वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. कागद पुढ्यात घेण्याआधी मी स्वयंपाकघरात उभा राहून खरोखर वाकलो आणि हात थेट पायाच्या बोटांना लागले. चार वर्षं झाली, तरी मला अजून याचं नवल वाटतं. दाल्वा म्हणाली, "काय सांडलं?") तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी घालतात का? चर्चच्या गायनात तू अजून सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असतेस का? इकडे तुझी भावजय दाल्वा बरी आहे, मीही बरा आहे. ('बरा' या शब्दाचा खुलासा पुढे सविस्तर येईल.)

फोनवरचा तुझा निरोप चार वेळा ऐकला. "गुमे, आदेल्मोला डॉक्टरीणबाई पोट लहान करून घ्यायला सांगतायत. तू करून बसलायस. करू दे की नको, एका शब्दात सांग. पाल्हाळ लावू नकोस." ताई, एका शब्दात सांगायला मी फोनच केला असता, पण फोनवर तू मला तो एक शब्दसुद्धा पुरा करू देत नाहीस. कागदाचं बरं असतं, तो मधे बोलत नाही. उत्तर आहे माझ्याकडे. फक्त ते कुठून आलं हे आधी सांगतो, म्हणजे तुझ्या लेकाच्या, आदेल्मोच्या जिवाचा प्रश्न मी उडवून लावला असं तुला वाटायला नको.

त्याच्या डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्याच मिर्तेसबाई. बाई माझ्या कोपराएवढ्या. ऑपरेशन करताना पायाखाली लाकडी पाट घेतात. (पाट मी डोळ्यांनी पाहिला, त्यावर नातवाने मासा रंगवलाय.) एवढीशी बाई, पाटावर उभी राहिली आणि माझ्या पोटातलं आख्खं आतडं शिंप्याने बाही उसवून दुसरीकडे जोडावी तसं जोडून मोकळी झाली! शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "सेन्योर गुमेर्सिंदो, कोंबडीच्या अंड्याएवढं पोट कामावर ठेवलंय. बाकीचं निवृत्त." पेद्रा मान्सा गावचा अकरा वर्षं कार्निव्हलचा जाडा मोमो राजा राहिलेला मी, त्या शुक्रवारी महापौराच्या हातून गावाची किल्ली घेणारा, एका बैठकीला डुकराची आख्खी मांडी संपवणारा, आणि आता माझ्यावर एक अंडं राज्य करणार. मी तरी चारच दिवस राजा असायचो, राखेच्या बुधवारी मुकुट उतरवून कामावर जायचो. हे अंडं बाराही महिने गादीवर असतं.

त्याचे कायदे ऐक. भात आणि घेवडा मिळून तीन चमचे, चौथ्याला दार बंद. मांसाचा तुकडा बत्तीस वेळा चावायचा, एकतिसाव्याला गिळला तर तो छातीत बसतो आणि मग आपण जेवणाच्या टेबलावर डोळे वटारून, हात वर करून, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे बसतो. दाल्वाच्या बहिणीला पहिल्यांदा वाटलं की मी प्रार्थना करतोय. तिनेही हात वर केले. बाईंनी एक कार्डही दिलंय, की या इसमाचं पोट शस्त्रक्रियेने लहान केलं आहे, याला अर्धं वाढावं. मांसाच्या खानावळीत मी ते हळूच दाखवलं, तर वाढप्याने मोठ्याने वाचलं, दुसऱ्या वाढप्याला बोलावलं, त्याने चष्मा आणवला, आणि शेवटी आचारी सुरी घेऊन मला बघायला बाहेर आला.

गोडाचं तर विचारूच नकोस. दाल्वाच्या भाचीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता, आटवलेल्या दुधाचं गोड होतं, तुझ्या हातच्यासारखं, कडेला जरा करपलेलं. एक चमचा खाल्ला, एकच. पाच मिनिटांत काळीज घोड्यासारखं उधळलं, घामाने सदरा भिजला, पाय गेले. मला फादरच्या खोलीतल्या बाकावर नेऊन निजवलं. फादर तरुण आणि उत्साही. त्यांनी माझा चेहरा पाहिला, तेलाची बाटली काढली आणि माझ्या कपाळाला मरणाऱ्या माणसाला लावतात ते तेल लावायला सुरुवात केली. मी कसाबसा पुटपुटलो, "फादर, गोड खाल्लं..." ते म्हणाले, "बाळा, देवाने याहून मोठी पापं माफ केलीत." अर्ध्या तासाने मी उठून बसलो तेव्हा ते बिचारे चमत्कार म्हणून घंटा वाजवायला निघाले होते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसं झालंय माझं. दात आहेत, चणे आहेत, अंडं परवानगी देत नाही.

बाकी किरकोळ. सहाव्या महिन्यात केस गेले, कंगव्यासोबत भुवईसुद्धा थोडी गेली. आठव्या महिन्यात पित्ताशयात खडे झाले म्हणून पुन्हा पाट, पुन्हा बाई. जाताना त्यांनी चौदा खडे बाटलीत घालून हातात दिले. मी ती बाटली खिडकीशी धरून पाहत राहिलो. मी स्वतः, कोणी न शिकवता, आतल्या आत हे घडवलं होतं! कातडी मात्र उतरली नाही. माणूस लहान झाला आणि झगा तसाच राहिला. तो दुमडून, पावडर लावून, पट्ट्यात खोचून बाहेर पडायला मला वीस मिनिटं लागतात. दर महिन्याला सुई आहे, रोजच्या सात गोळ्या आहेत, आणि तिसऱ्या वर्षापासून हळूच, पाहुणा परत येऊन पलंगाच्या कडेला बसावा तसं वजन परत यायला लागलंय. चौऱ्याण्णववर गेलो होतो. आज सकाळी एकशेसतरा. बाईंनी आधीच सांगितलं होतं की अंडं ताणलं जातं आणि माणूस हुशार होतो, दिवसभर थोडं थोडं खातो. मी हुशार झालोय, ताई.

पण मधल्या त्या दिवसांबद्दल कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. मला माझे पाय दिसले. डाव्या करंगळीला नख नाही हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं. (तुला ठाऊक होतं? दाल्वा म्हणते लग्नापासून नाही.) गळ्याखाली दोन हाडं निघाली, मी घाबरून बाईंना फोन केला, तर म्हणे ती सर्वांनाच असतात. आणि एकदा भांडी विसळता विसळता दाल्वाने मागून मला मिठी मारली आणि तशीच थांबली. मी म्हटलं, काय झालं? तिची बोटं माझ्या पोटावर एकमेकांना लागली होती. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आम्ही दोघं नळ चालू ठेवून रडलो.

आता निराशेचं. पेद्रा मान्सात मी रस्त्याने निघालो की लोक शकुन म्हणून माझ्या पोटाला हात लावायचे, बसवाला भोंगा वाजवायचा. बारीक झाल्यावर मला कुणी ओळखेना. पाववालीने मला "आपलं नाव?" विचारलं, जिच्याकडचे पाव मी आयुष्यभर खाल्ले. एका माणसाने तर बाजारात माझ्याच जवळ माझी चौकशी केली, "तो जाडा गुमेर्सिंदो ऑपरेशनात गेला म्हणे?" मी म्हटलं, "हो, गेला बिचारा." तो हळहळला. खूप चांगलं बोलला माझ्याबद्दल. मी ऐकत राहिलो, मधे तोंड घालायची हिंमत झाली नाही.

आणि मुकुट गेला. नियम तूही जाणतेस. कॉफीच्या पोत्यांच्या काट्यावर राजाने सर्वांसमोर एकशेतीस भरायचं. मी निम्म्याच्या जरा वर उरलेलो, दुसरा कुणी उमेदवार नाही, म्हणून तुझा आदेल्मो उभा राहिला. पोरगं एकशेबारा. समितीच्या ओनोफ्रेने काट्यावर हळूच आपला पाय ठेवला आणि तू राजाच्या झग्यात कोंबड्यांच्या पिसांची उशी शिवलीस. उशीचं घरातल्या चौघांना माहीत होतं. बाहेर कुणालाही नाही.

पुढचं तू पाहिलंसच, पण माझ्या बाजूने एकदा लिहू दे. या पोटाला दारू थांबवता येत नाही, उसाची एक वाटी घेतली की ती सरळ डोक्यात. चौकातल्या पायऱ्यांवर मी एक वाटी घेतली. महापौराने किल्ली पुढे केली, आदेल्मोने हात पुढे केला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी ओरडलो, "किल्ली राजाला देताय की उशीला? हे पोट माझ्या बहिणीची शिवण आहे!" एवढ्यावर थांबलो नाही. वर गेलो आणि उशीची नाडी ओढली. पिसं आख्ख्या चौकात उडाली, बँड बंद पडला आणि गाव हसलं. पोराने किल्ली घेतली. चार दिवस तसंच, ढगळ झग्यात राज्य केलं, एकदाही मान खाली घातली नाही. मी तसा राजा कधी नव्हतो. पूर्वी तो मोटरसायकलवरून जाता जाताही इंजीन बंद करून म्हणायचा, "मामा, आशीर्वाद." त्या शुक्रवारनंतर त्याने माझा आशीर्वाद मागितलेला नाही. गाव त्याला 'उशी' म्हणायला लागलं आणि दाल्वा आणि मी तिच्या माहेरी, इकडे उबाला आलो. झालं ते दारूने केलं. दारूचा हा धोका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितला नव्हता. (सांगितला होता. मी तेव्हा जेवणाचा विचार करत होतो.)

तर उत्तर. करू दे.

केस जातील, गोड जाईल, गाव ओळखणार नाही, आणि इतकं करून वजन थोडं परतही येईल. तरी करू दे. बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले आणि आम्ही त्यांना उठवायला आठ माणसं बोलावली, आठवतं? मी चोपन्नचा आहे. बाबांपेक्षा मोठा झालोय मी, ताई. पन्नाशीनंतर आपल्या घरचा पुरुष कसा वागतो हे पाहायला माझ्यापुढे कुणी नाही, मी रोज चाचपडत शिकतोय, आणि रोज सकाळी पाय दिसले की थक्क होतो.

दाल्वाचा नमस्कार. गुडघ्यांना एरंडेल लाव. माझ्यासाठी प्रार्थना कर, पण बाकीच्यांबरोबर कर, अर्धी ओळ पुढे नको.

तुझा,
गुमेर्सिंदो

ता. क. एक गोष्ट लपवणं बरं नव्हे. काल ओनोफ्रेचा फोन आला होता. आदेल्मोचं ऑपरेशन कार्निव्हलच्या आदल्या गुरुवारी ठरतंय, म्हणजे शुक्रवारी गादी रिकामी. "तू परत ये, एकशेसतरा झालायस असं ऐकलं. वरच्या तेरा किलोंना माझा पाय आहे की!" तेव्हा माझं 'करू दे' वाचून तुझ्या मनात येईल की मामाला मुकुट हवाय. हवाय. मी रात्रभर आरशापुढे हात हलवत होतो. सकाळी त्याला नाही म्हणून कळवलं.

ता. क. २. वर लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे, पण शाईने लिहिलंय, आता खोडलं तर डाग दिसेल. झालं ते दारूने केलेलं नाही. वाटी एकच होती, पण ते उशीचं वाक्य मी आठवडाभर आधी जुळवून ठेवलं होतं, दाढी करताना म्हणूनही पाहिलं होतं. मला कुणी ओळखत नव्हतं, आणि माझ्या जागी तो उभा होता. त्यानंतरच्या कार्निव्हलला पोरगं काट्यावर खरं एकशेएकतीस भरलं, मग एकशेचव्वेचाळीस, आणि आज एकशेअठ्ठावन्न. पुन्हा कुणी उशी म्हणू नये म्हणून त्याने ते खाल्लंय. हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या पोटाला जे कापायचंय त्यातलं बरंचसं मी घातलेलं आहे, ताई.

ता. क. ३. ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस माणसाला वाटतं की आपण आपल्यातलं कुणीतरी गमावलं. तेव्हा उशाशी जो बसतो त्याला हे ठाऊक असलेलं बरं. गुरुवारी पहाटेची बस आहे, दुपारपर्यंत मी पोचतो. मी बोलणार नाही, नुसता बसेन. आदेल्मोला एकदा विचार. तो नको म्हणाला तर मला तसं कळवू नकोस. हॉस्पिटलात एकाच माणसाला बसू देतात, एवढंच लिही. मी खरं मानीन.