पॅकेज म्हणजे पगारवाढ नव्हे

आई,

"जी कंपनी फुकट जेवायला घालते आणि वर लोळायला गाद्या देते, ती एक दिवस कायमचं घरी लोळायला पाठवेल," असं तुम्ही म्हणाला होतात. मी ते हसण्यावारी नेलं. आता सांगते, तुमच्या चिरंजीवांची नोकरी गेली.

काल ते "कंपनीनं पॅकेज दिलं" म्हणाले, ते पगारवाढीचं नव्हतं. माणसाला काढून टाकताना हातावर काही महिन्यांचा पगार टेकवतात, त्यालाही पॅकेजच म्हणतात. पण तुम्ही "माझा वाघ गं!" म्हणून त्यांचा गालगुच्चा घेतलात आणि वाघाची वाचाच बसली. मी तोंड उघडणार, तर ह्यांनी मलाही डोळ्यांनी दटावलं.

शेजारच्या काकूंपर्यंत पगारवाढीची बातमी पोचलीच आहे. "भाच्याला तुमच्या कंपनीत चिकटवा" म्हणून त्यांनी सकाळीच ह्यांना त्याचा बायोडाटा पाठवला. आणि हे बसून त्यातल्या चुका सुधारत होते! काकूंना आता तुम्हीच आवरा.

ह्यांचा लॅपटॉप कंपनीत परत द्यायला मी जातेय, त्यांचा पाय निघेना. बाळ माझ्याबरोबर आहे, टोपी घातली आहे.

हे मघाशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेत. बाळाची दोन झबली आणि एक टॉवेल, एवढ्याला इतका वेळ लागत नाही. "मी सांगत होते ना" हे संध्याकाळी मला ऐकवा, हवं तितकं. आत्ता फक्त चहा घेऊन वर जा आणि त्यांच्याकडे बघून या ना.