हलक्या फळीवर जड काय होतं

नवी वाडी, ता. पोलादपूर
शिमगा तोंडावर

तीर्थरूप श्रीपतमामांना डोंबिवली मुक्कामी भाचा हृतिक याचा नमस्कार, जरा लांबूनच. (मागच्या खेपेला जवळून केला तेव्हा तुम्ही कान धरलात, तो अजून त्या कुशीवर झोपलं की ठणकतो.) मामींचा गुडघा कसा आहे? सारिकाताईला नोकरी लागल्याचं कळलं, आनंद झाला. तिनं शिक्षण पुरं केलं हे आई मला रोज ताट वाढताना सांगते. आई बरी आहे. बाबांची तब्येत उत्तम असावी, कारण ते माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगतात आणि ते मी ऐकायचं असतं. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुमचाही आवाज चढतो, माझाही चढतो, आणि मध्ये आई रडते. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही.

विषय साधा आहे. वेकबोर्ड महागातला हलका घ्यावा, की आहे त्या जडावरच भागवावं? तुम्ही गोदामात आयुष्यभर माल उचललात, वजनातलं तुमच्याइतकं आपल्या घरात कोणाला कळत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. वेकबोर्ड म्हणजे जेवायच्या पाटाहून दुप्पट लांब फळी, तिच्यावर दोन बूट ठोकलेले. बुटांत पाय घालायचे, हातात दोरीची मूठ धरायची, दोरीचं दुसरं टोक रामाच्या मोटरबोटीला. बोट पळाली की आपण पाण्यावर उभे. (रामा म्हणजे तोच, एमआयडीसीत पाळी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बोट चालवतो. महाबळेश्वरला जाणारे पाहुणे आंबेनळी घाटाच्या आधी आमच्या धरणावर थांबतात, त्यांना आम्ही फळीवर उभं करतो. बरेचसे आडवे होतात.) आमची फळी मालवणकडची जुनी, पाणी पिऊन पिऊन जात्याएवढी झालेली. आता पुण्याच्या एका पाहुण्याला त्याची नवी, सुपासारखी हलकी फळी विकायची आहे. आमच्या फळीच्या दुप्पट मागतो. एवढाच प्रश्न.

पण एवढाच असता तर चार ओळींत संपला असता.

तुम्ही धरण झाल्यावर इकडे आला नाहीत, म्हणून सांगतो. जुनी वाडी आता पाण्याखाली आहे. जिथं ज्याचं घर होतं तिथं प्रत्येकानं निळा प्लॅस्टिकचा कॅन तळाशी दोरीनं बांधून सोडलाय, त्यावर घराचं नाव रंगवलंय. शिमग्याला पालखी दारोदार जायला हवी, आणि निम्मी दारं खाली. म्हणून पालखी बोटीत बसते, एकेका कॅनपाशी थांबते, घरचा माणूस घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन हाक मारतो, नारळ देतो, बोट पुढे. पाण्यावर कोणी हसत नाही. ढोलसुद्धा तेवढ्यापुरता गप्प असतो. पाणी इतकं गप्प असतं मामा, की खालून कोणी तरी ओ देईल असं वाटून माणसं घाईघाईनं पुढचं नाव घेतात.

आता माझी चूक. (आई हिला चूक म्हणते, मी धंदा म्हणत होतो.) ते कॅन ओळीत होते, मधून वळसे घेत जायला झकास. मी पाहुण्यांना त्यांच्यामधून न्यायला लागलो. सगळं ठीक चाललं होतं, फक्त अरविंद मास्तरांच्या कॅनपाशी आलं की फळी जड व्हायची. अशी जड, की बोटीचं इंजिन ओरडायचं आणि बोट जागची हलायची नाही. रामा मागे वळून म्हणायचा, "अरे हृतिक, उतर की बाबा, कशाला लोंबतोस!" मी लोंबत नव्हतो. भर दुपार, डोक्यावर ऊन, पाण्यावर एक लाट नाही, आणि गुडघ्यापर्यंत मी असा दाबला जात होतो की जणू कोणी तरी पायरी चढतंय.

पालखी दारात जड झाली तर आपल्याकडे काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरचं काही राहून गेलंय. जाणती माणसं विचारत जातात, हे राहिलं का, ते राहिलं का. बरोबर ते बोललं गेलं की पालखी हलकी होते आणि चालू लागते. फळीला हा नियम लावणारं आमचं पहिलंच गाव असेल. वाडीत बोंब झाली की मास्तरांच्या उंबऱ्यावर हृतिकला अडवतात.

आणि मास्तर म्हणजे सेजलचे वडील.

सेजलबद्दल तुम्हाला आईनं तिच्या पद्धतीनं सांगितलं असेल, ते विसरा. महाडला कॉलेजात सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर टाकून बोलल्यावर प्रयोगशाळेतलं चंचुपात्र मीच फोडलं आणि परत गेलो नाही. (तिनं फोड म्हटलं नव्हतं. ती म्हणते, "मी उत्तर देणारच होते, तू मध्ये काच कशाला आणलीस?") ती शिकतेय, मी फळी ओढतोय, पण मन तिथंच आहे. गेल्या महिन्यात मी सरळ मास्तरांच्या ओटीवर जाऊन मागणी घातली. मास्तर चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "कॉलेज सोडलंस, ते एक वेळ राहू दे. पण आमच्या घरावर तू जड होतोस. पालखी जड झाली तर आपण तशीच पुढे रेटतो का? मग मुलगी कशी देऊ?" मग म्हणाले, शिमग्याला पालखी पाण्यावरून फिरून आली की सगळ्यांसमोर आमच्या घरावरून उभा पार हो, मग बोलू. नाही झालास तर एमआयडीसीतला एक सुपरवायझर बघून गेलाय, त्याला होकार कळवतो.

म्हणून हलकी फळी. मी म्हटलं, दोष लाकडाचा आहे, देवाचा नाही. पुण्याच्या पाहुण्याला म्हटलं, एकदा चालवून बघू दे.

मामा, काय सांगू. पहिल्या झटक्याला उभा. पायाखाली काही आहे हेच कळेना. मनात सेजलचं लग्न लागलं, मुंडावळ्या बांधल्या, तुम्ही अंतरपाटामागे उभे. मग मास्तरांचा कॅन आला. आणि फळी जड झाली, पण सगळी नाही. फक्त मागून. पुढचं टोक पाण्याबाहेर आलं, मागचं दबलं. जुन्या फळीवर सगळंच जड, तिथं माणूस लाकडाला शिव्या देऊन मोकळा होतो. हिच्यावर तसं बोलायला जागाच नव्हती. मागे कोणी तरी उभं होतं. पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंनी माणूस नाही, आणि माझ्या कानामागे भाजलेल्या मिश्रीचा वास आला. ताज्या. कोणी तरी नुकतीच बोटावर घेतल्यासारखा. मी मागे बघितलं नाही. तुम्हीही बघितलं नसतंत.

काठावर आलो. पाहुण्यानं फळी उलटीपालटी करून पाहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "घ्यायची तर शिमग्यापर्यंत कळव. पण अनवाणी पायांचे ठसे पुसून दे." मागच्या बाजूला दोन ठसे होते, लहान, बोटं फाकलेली, चिखलाचे. मामा, माझे पाय बुटांत होते.

सेजलला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, मिश्री आमच्यात एकच बाई लावायची, ठकूबाई, बाबांची आत्या. बाबांना तिनंच वाढवलं. गाव उठलं तेव्हा ती मुंबईला भाच्यांकडे दवाखान्यात होती, तिथंच गेली. देव वर आणले, गुरं आणली, दारांच्या चौकटीसुद्धा काढून आणल्या. पण घर हललं हे तिला कोणी सांगितलंच नाही. बाबा म्हणाले होते, बरी झाली की सांगू. आणि शिमग्याला कॅनपाशी नावं घेतात ती जिवंत माणसांची.

तेव्हा मामा, तुम्हीच सांगा. हलक्या फळीनं रामाच्या बोटीला दोघांचं ओझं झेपेल, ही एक बाजू. दुसरी अशी, की जड फळीवर मागे कोणी आहे की नाही याची खात्री नसते, आणि दुप्पट पैसे मोजायचे ते त्या खात्रीचेच. तुमचा सल्ला (आणि पटलं तर वरचे पैसे) लवकर पाठवा. मामींना नमस्कार, सारिकाताईचं अभिनंदन.

तुमचा,
हृतिक

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. पोलादपूरला टाकायला गेलो तर रांगेत एकाशी वाजलं (सुरुवात त्याची) आणि तसाच परत आलो. मधल्या काळात शिमगा झाला, तेव्हा पैसे पाठवू नका. जुनीच फळी ठेवली. पुणेवाल्याला म्हटलं, तुझी फळी फार खरं बोलते.

ता. क. काय झालं ते सांगायला हवं. पालखी फिरून काठाला लागली, सगळी वाडी उभी, सुपरवायझरही आलेला (डोळ्यांवर काळा चष्मा, काय सांगायचं). मास्तरांच्या कॅनपाशी फळी जड झाली, ठरल्यासारखी. काठावरून कोणी तरी ओरडलं, "झाला, बसला हृतिक!" आणि माझं डोकं गेलं. दोरीला लोंबकळत, नाकातोंडात पाणी, मी मागे न बघताच ओरडायला लागलो: ठकूआत्या, नारळ राहिला का? लुगडं पाहिजे का? मिश्री संपली का? माझा राग आहे का? इंजिन किंचाळतंय, रामा देवाचं नाव घेतोय. शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं, आत्या, घर वर नेलंय गो, तुला कोणी सांगितलं नाय, येतेस का माझ्याबरोबर? आणि फळी हलकी झाली. इतकी हलकी, की मी उडालोच. जुनी फळी, जात्याएवढी, आणि कागदासारखी पळाली. काठाला लागलो तर मास्तर पाण्यात उतरले होते, चपलांसकट. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यामागे बघत होते. आयुष्यभर पुण्यासारखं बोलणारे मास्तर म्हणाले, "आत्ये, घर हिकडं हाय. चल." आणि वाकून रिकाम्या पाण्याला नमस्कार केला. सुपरवायझरनं चष्मा काढला आणि गाडी काढली.

ता. क. आता खरं काम. रविवारी सुपारी फोडायची आहे. बाबा येणार नाहीत, तसं त्यांनी म्हशीला कळवलंय, तेव्हा आमच्या बाजूनं तुम्ही बसायला हवं. पोलादपूर स्टँडवर मी मोटारसायकल घेऊन येईन. फक्त एक: मास्तरांचं नवं घर आत्यानं बघितलं, पण तिथं राहिली नाही, ज्यानं आणली त्याच्यापाशी राहायचं असं तिनं ठरवलेलं दिसतंय. आता वजन काही नाही तिचं, पण जागा लागते. तेव्हा माझ्या मागे बसताना एकदम टांग टाकू नका. आधी हळूच म्हणा, आत्या, जरा सरका. सेजल रोज म्हणते. सरकते ती.