पत्रिकेवर तुझा नंबर मीच घातला

यशू,

तू झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवतो. डबा भरलाय. भाजी खारट झाली आहे, सोबत दही घे.

तुझा फोन फ्रिजवर आहे. एक अनोळखी माणूस तुला फोन करतो हे कळल्यावर काल मी तो हिसकावून घेतला. "पापा, मैंने किसी को नंबर नहीं दिया," असं तू रडून सांगत होतीस आणि मी ओरडतच राहिलो. आज सकाळी आई गेल्यावर केलेल्या पुण्यानुमोदनाची पत्रिका पाहिली. नागपूरच्या नातेवाइकांना कळावं म्हणून मीच ती फेसबुकवर टाकली होती, कोणालाही दिसेल अशी. त्यात आईचं नाव, आपल्या तेलीबागच्या घराचा पत्ता, आणि ड्यूटीवर मला फोन घेता येत नाही म्हणून तुझा नंबर. त्याला सगळं माझ्याकडूनच मिळालं.

पत्रिका काढून टाकली आहे. त्याचा फोन उचलू नकोस, पण मेसेज पुसूही नकोस. संध्याकाळी आपण पोलिसांना दाखवू. शाळेतून थेट शुक्ला आंटींकडे जा, त्यांना सांगितलंय. मी तिथे न्यायला येतो.

तो आईला ओळखतो म्हणाला, म्हणून तू त्याच्याशी बोललीस. घरात मी तिचं नावसुद्धा काढत नाही, मग तू तरी काय करणार? आज तिच्याबद्दल जे विचारायचंय ते मला विचार. मला रडू आलं तरी थांबू नकोस.

पापा