कोण शोधतंय वृद्धाश्रम?

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! दुकानात टॅबवर बाहीच्या कटिंगचा व्हिडिओ लावलेला, कात्री मुंढ्याच्या वळणावर — आणि मध्येच हिरवळ, व्हीलचेअर, गोड गोड आवाज: ‘आईबाबांची काळजी आता आमच्यावर सोपवा.’ वृद्धाश्रमाची जाहिरात! दचकले, कात्री घसरली. गिऱ्हाइकाचं कापड वाया. एकसष्ट वर्षांची आहे मी, दिवसाला चार शर्ट शिवते. कोणावर तरी सोपवायला मी काय गाठोडं आहे?

४ फेब्रुवारी
आज सहा वेळा. बातम्या उघडल्या तरी तेच, हवामान बघितलं तरी तेच. ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, सोडून दे गं.

६ फेब्रुवारी
भाचीला बोलावलं. मोबाइल दुरुस्तीत तिचा हात धरणारं कोणी नाही. दोन मिनिटांत टॅबवर ॲड ब्लॉकर बसवला. जाहिराती गायब! पण निघताना म्हणाली, “मावशी, या उगाच येत नाहीत. कोणीतरी शोधलं की मागे लागतात.”
मी कशाला शोधू असलं?
मग तिने खातं दाखवलं. टॅब, माझा फोन, ह्यांचा फोन, मुलाचा फोन — सगळीकडे एकच. आम्हाला पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून परगावी नोकरीला जाताना मुलानेच लावून दिलं होतं. एकाने शोधायचं, जाहिरातींनी सगळ्यांच्या मागे लागायचं.
म्हणजे मुलगा! आईला कुठे टाकायचं ते बघतोय!

७ फेब्रुवारी
फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. तो नाही नाही म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, “तुझा जाहिरातीवर विश्वास आहे, माझ्यावर नाही.” आणि फोन ठेवला.
त्याचा राग येतोच, पण त्या कंपनीचा जास्त येतो. कोण हे लोक? माझ्या घरात कोण काय शोधतं यावर डोळा ठेवणार, आणि वर माझ्याच तोंडावर आणून आपटणार! शेजारीण अशी खिडकीतून डोकावली असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ह्या लोकांचं दार तरी कुठे ठोठावायचं?

९ फेब्रुवारी
मुलगा फोन उचलत नाही. दिवसभर शिलाई उसवून पुन्हा घातली. जेवणावर वासना नाही.

१० फेब्रुवारी
सकाळी हे दुकानात आले. मशीन थांबव म्हणाले. “त्याची माफी माग. शोधत मी होतो. माझ्यासाठी.”
विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय. एकटेच जाऊन आले होते.
“तुला दुकानातून चालत येता येईल, असं एखादं जवळचं बघत होतो.”
डॉक्टरांना माहीत. त्या जाहिरातवाल्यांना माहीत. मला आज कळलं.