यादीतून वगळलेली कबर

पप्पा,

आज दुपारी जेवून जरा आडवी झाले, तर तुम्ही स्वयंपाकघरात बसलेले. पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग, सोले ताटलीत टपटप पडताहेत, आणि मांडीवर रविवारच्या उपदेशाचा कागद. मी विचारते, "चहा ठेवू का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आधी उन्हात बस वं जरा." डोळे उघडले तेव्हा ओट्यावर नुसतं ऊन होतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि तरी मी उठून चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. तुम्हाला ठाऊक नाही, पण मी आता तुमच्याच चर्चची पाळक आहे. लोक 'पास्टर मॅडम' म्हणतात. स्वभाव मात्र तोच, दुधासारखा उतू जाणारा.

संडे स्कूलचं नाताळचं नाटक आठवतं? तालमीला येत नाही म्हणून मी धरमपेठच्या त्या मुलीचं मरियेचं काम काढून घेतलं आणि चिठ्ठी पाठवून दिली. तुम्हाला कळलं. तुम्ही रागावला नाहीत, नुसती सायकल बाहेर काढली. "निर्णय तुझा आहे ना? मग सांगाले तूच जाय." मी त्यांच्या दारात उभी आहे, तिची आई मला फाडफाड बोलते आहे, आणि तुम्ही फाटकाशी सायकल धरून गप्प. येताना मी रडत म्हटलं, तुम्ही काहीच का बोलला नाहीत? तुम्ही म्हणालात, "कारण सांगायचं, अन् मंग लोकायचं ऐकायचं. तेही कामच असते." तुम्ही स्वतः तसेच वागायचात. पुलपिटाच्या उंच चौथऱ्यावरून फक्त शास्त्र. कमिटीचा निर्णय सांगायचा असला की खाली उतरून पहिल्या बाकाशी उभे राहायचात, कारण वर उभ्या माणसाला कोणी उलट विचारत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. आपलं कब्रस्तान भरलं. जुन्या घराण्यांच्या कबरी राखीव, आणि हुडकेश्वरकडे भाड्याने राहणाऱ्या नव्या लोकांना माती द्यायला जागा नाही. एका म्हाताऱ्याची पेटी दीड दिवस घरात राहिली, पप्पा, शेवटी शहराबाहेर कुठेतरी नेली. मला राहवलं नाही. मी कमिटीत ठराव मांडला: पंचवीस वर्षांहून जुनी कबर कोणासाठीही उघडायची, आधीच्याचे अवशेष पांढऱ्या कापडात बांधून तिथेच खोल ठेवायचे, दगडावर दोन्ही नावं. ठराव मंजूर झाला आणि मंडळीत आग लागली. मी अशा जुन्या कबरींची यादी केली, यादीतल्या प्रत्येक घरी गेले. एका आजींनी मला पाणी दिलं, समोर बसवलं आणि विचारलं, "माह्या नवऱ्यावर कोन येऊन झोपन वं? वयखीचं तं पाह्यजे ना." मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, आजी, ओळखीचं असेल असं नाही सांगू शकत. त्या बराच वेळ बांगड्या फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं नाही बोल्ली, बरं झालं."

घरं फिरून झाल्यावरच्या रविवारी उपासना संपल्यावर मी खाली उतरले. चर्च गच्च. सगळं नीट सांगितलं, आवाज न चढवता. मागून खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले तुमचे दोस्त उठले, काठी टेकत. "मॅडम, यादी वाचली म्या. तुमच्या पप्पाची कबर काहून नाही तिच्यात?" माझ्या तोंडाशी आलं होतं, टाइप करताना राहिली असेल. काका माझ्याकडे पाहत होते. मग मी म्हटलं, "मी वगळली. मुद्दाम. यादी करताना त्या नंबरशी आले आणि पुढचा लिहिला. चूक माझी आहे. आता पहिली तीच उघडेल." कोणी शाबासकी दिली नाही, बरं का. काका "हं" म्हणून बसले. दोन घरं त्या दिवसापासून आलीच नाहीत. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते, एक घर चहा देतं, दुसरं दार उघडत नाही.

गेल्या मंगळवारी तुमची कबर उघडली. शेवटच्या बाकावर बसणारी एक बाई वारली होती; ब्लाऊज शिवायची, हसताना तोंडावर पदर धरायची. सकाळचं कोवळं ऊन होतं, निंबाची पानं गळत होती, आणि मला सारखं वाटत होतं की हे मी झोपेत पाहते आहे. कापड मीच बांधलं. किती हलके झाला होतात तुम्ही! तिची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आई एकटी नाही ना राहणार मॅडम?" मी म्हटलं, नाही राहणार. तुमच्या भरवशावर म्हटलं.

यादीतल्या प्रत्येक घराला मी विचारलं. आपल्या घरात विचारायला कोणी उरलं नव्हतं, आई तुमच्या आधी गेली, भावंड नाही. तुम्हाला विचारावं म्हणून कबर उघडायच्या आठवडाभर आधी असंच पत्र लिहायला बसले होते, आणि दोनदा वही मिटली. हा कागदही तसाच वहीत राहील. तुम्ही हो म्हणाला असता, त्यात मला शंका नव्हती. पण खरं सांगू पप्पा, साऱ्या मंडळीला समजावून झाल्यावर मला तुमच्या तोंडून एकदा 'नाही, माझी राहू दे' ऐकायचं होतं.