कारखान्यावरची खोली

सौ. सरलास,

फोनवर बोललं की इथले सगळे कान देऊन ऐकतात, म्हणून लिहितोय. मी बरा आहे, जेवणही ठीक. आईचा गुडघा कसा आहे?

शेठने कारखान्यावरची खोली फुकट देऊ केली, हे ऐकून तू हरखलीस. मला मात्र झोप नाही. इथं लिंबायतमध्ये कोणी महिन्याचं भाडं सोडत नाही आणि हा अख्खी खोली देतो? सोमवारी मी कडोदऱ्याला जास्त पगाराचं काम विचारून आलो आणि बुधवारी शेठला माझी बायको-पोर आठवली. आपल्या गावचा म्हणून मी फक्त मुकादमाजवळ बोललो होतो. त्यानेच सांगितलं असणार.

तिथं राहायला गेलो की कडोदरा विसरायचं. काम सोडलं तर त्याच दिवशी तुम्हा दोघींना घेऊन रस्त्यावर. आणि तेजू शाळेत रुळली की मग पगार वाढवा म्हणायचीही सोय नाही.

काल खोली बघितली. नळ नाही, दिवा नाही, पण दारावर घंटी आधीच बसवलीय. तिचं बटण खाली कारखान्यात, यंत्रमागांजवळ. मी बघतोय तोवर ती वाजली. काय झालं ते कळायच्या आत मी जिना उतरून मागासमोर उभा होतो. शेठ बटणावर बोट ठेवून हसत होता.

अजून मी तिथं राहायलाही गेलेलो नाही, सरला.

सामान बांधलं असशील तर सोड. तेजूला जवळ घे.

तुझा,
भटू